‘हेडला पैसे नाहीत’ म्हणजे नेमकं काय? रस्त्यांच्या निधीची वाटणी कशी होते

परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी विचारलं आहे: आमच्या गावाचा सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आठ वर्षांत पार उखडला. कचेरीत गेलो की ‘हेडला पैसे नाहीत’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याच तालुक्यात दुसऱ्या रस्त्याचं काँक्रिटीकरण मात्र जोरात चालू आहे. मग त्याला पैसे कुठून आले? सरकार रस्त्यांच्या इतक्या योजनांमध्ये पैसा वाटतं तरी कसा, आणि आम्ही कुणाकडे, कधी जायचं?

ताई, मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून लागलो आणि जवळपास सगळी नोकरी मराठवाड्यातच केली. तुमचा प्रश्न मला टेबलाच्या पलीकडून शेकडो वेळा विचारला गेला आहे आणि ‘हेडला पैसे नाहीत’ हे वाक्य मीही लोकांना ऐकवलेलं आहे. ते खरं असतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायला तेव्हा वेळ नसायचा. आज सविस्तर सांगतो.

बहुतेकांना वाटतं, सरकारकडे रस्त्यांची एक मोठी थैली आहे आणि मंत्री किंवा सचिव तिच्यातून गरज बघून पैसे काढून देतात. असं होत नाही. प्रत्येक रुपया तिजोरीतून निघतानाच त्याच्यावर चिठ्ठी लागलेली असते. ती चिठ्ठी म्हणजे लेखाशीर्ष, कचेरीच्या भाषेत हेड. रस्ते आणि पुलांची दोन मुख्य लेखाशीर्षं आहेत. ५०५४ हा भांडवली खर्च, म्हणजे नवीन रस्ता, रुंदीकरण, मोठी सुधारणा, पूल. ३०५४ हा महसुली खर्च, म्हणजे प्रामुख्याने देखभाल आणि दुरुस्ती: खड्डे भरणं, साइडपट्ट्या, नूतनीकरण. आम्ही त्यांना ‘पन्नास चोपन्न’ आणि ‘तीस चोपन्न’ म्हणतो. याशिवाय ग्रामविकास खात्याचं २५१५ आहे, ज्याला गावागावांत ‘पंचवीस पंधरा’ म्हणतात. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडच्या कामाला लावता येत नाही. अभियंत्याने मनात आणलं तरी नाही.

दुसरी चिठ्ठी रस्त्यावर असते, ती म्हणजे त्याची श्रेणी. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. तुमचा रस्ता ग्रामा (ग्रामीण मार्ग) आहे, इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आहे की प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), हे आधी नक्की करा. माझ्यासमोर कित्येक शिष्टमंडळं आली, निवेदनं दिली, हार घातले, आणि रस्ता निघाला जिल्हा परिषदेचा. त्यांचं अख्खं वर्ष चुकीच्या दारात गेलं.

आता तुमच्या तालुक्यातल्या काँक्रीट रस्त्याकडे येऊ. त्याचा पैसा यापैकी कुठून तरी आला असणार. राज्याच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे सरळ पन्नास चोपन्नमधून. किंवा नाबार्डकडून, १९९५-९६ पासून ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधीतून राज्यांना कर्ज मिळतं. किंवा केंद्रीय मार्ग निधीतून, ज्याला आम्ही अजूनही सीआरएफच म्हणतो, जरी २०१८ च्या दुरुस्तीनंतर नावात पायाभूत सुविधांचीही भर पडली. तुम्ही पेट्रोल-डिझेल भरता तेव्हा त्यावरच्या उपकरातून तो निधी जमतो. राज्य रस्त्यांसाठीचा त्यातला वाटा राज्याराज्यांत वाटताना ३० टक्के वजन इंधनाच्या खपाला आणि ७० टक्के क्षेत्रफळाला असतं. मात्र राज्यात आल्यावर तो जिल्ह्याजिल्ह्यात याच सूत्राने वाटला जात नाही. तिथे एकेका कामाला मंजुरी मिळते, आणि ते काम दिल्लीपर्यंत कोण घेऊन जातं याला फार महत्त्व येतं.

किंवा तो रस्ता हायब्रिड अ‍ॅन्युइटीचा, म्हणजे हॅमचा असेल. राज्याच्या हॅम कार्यक्रमात बांधकामाच्या काळात सरकार साधारण ६० टक्के रक्कम देतं, ४० टक्के ठेकेदार कंपनी उभी करते आणि सरकार ती पुढच्या १० वर्षांत हप्त्याने फेडतं. रस्ता आज झाला, पण हप्ते पुढच्या १० अर्थसंकल्पांतून जाणार. समृद्धी महामार्गाचं गणित आणखी वेगळं आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता रस्ते विकास महामंडळाने कर्ज, भागभांडवल आणि पुढे मिळणारा पथकर यांच्या हिशेबावर उभा केला. तो जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो म्हणून तुमच्या गावचा पैसा तिकडे वळवला, असं सरळ म्हणता येत नाही. तुमच्या गावाच्या हेडमधून तो पैसा आलेलाच नाही.

या सगळ्या नावांमधलं एक साम्य बघा. नाबार्ड कर्ज देतं नव्या कामाला. हॅममध्ये कंपनी येते ती नव्या कामासाठी. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, तेही फक्त भांडवली खर्चाला. खड्डे भरायला, सीलकोट मारायला, गटार साफ करायला कुणी कर्ज देत नाही. तो पैसा राज्याला स्वतःच्या महसुलातून काढावा लागतो आणि त्याच महसुलावर पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि सगळ्या अनुदानांचा डोळा असतो. त्यात भर म्हणजे तीस चोपन्नचा खर्च महसुली तुटीत मोजला जातो. तूट दिसायला नको म्हणून वित्त विभाग कात्री घेऊन बसतो, तेव्हा देखभालीचा पैसा सगळ्यात आधी हाताशी येतो. माझ्या मते संपूर्ण वाटणीचं मूळ इथे आहे. दोन रस्ते समोर ठेवून, तोलून, अमुक जास्त गरजेचा असं ठरवणं फार शेवटच्या टप्प्यावर येतं. त्याच्या आधीच पैसा कुठून येणार यावर तो कशाला जाणार हे ठरून गेलेलं असतं.

आपण गाडीवर कर भरतो तो रस्त्याला का लागत नाही, असं लोक विचारतात. मोटार वाहन कर राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तिथे गेला की त्याच्यावर रस्त्याचं नाव राहत नाही.

हे प्रत्यक्ष कसं घडतं ते माझ्याच एका रस्त्यावरून सांगतो. मी उपअभियंता असताना माझ्याकडे चौदा किलोमीटरचा एक प्रमुख जिल्हा मार्ग होता. चांगला रस्ता, काळ्या मातीतून जाणारा, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. सहाव्या वर्षी त्याच्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागल्या. जीपमधून जाणाऱ्याला त्या दिसत नाहीत, उतरून वाकून बघावं लागतं. मी नूतनीकरणाचं अंदाजपत्रक पाठवलं. म्हणजे पातळ डांबरी थर आणि सीलकोट, फार पैशांचं काम नव्हतं. उत्तर आलं, ‘निधी उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल’. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. दोन पावसाळे गेले.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मी त्या रस्त्यावर उभा होतो. एका खड्ड्याच्या काठाला बोटं घातली तर डांबराचा थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा हातात आला. खालची खडी मोकळी झालेली, आणि तिच्याखालून काळी माती वर आलेली. मुरुमाचा थर कुठे गेला तेच कळेना. चिमटीत घेतली तर ती माती लोण्यासारखी मऊ होती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर फाटते. वरचा डांबराचा थर म्हणजे तिच्यावरचं छप्पर. छप्पर गळायला लागलं की घर टिकत नाही.

आता तो रस्ता नूतनीकरणाच्या पलीकडे गेला होता. म्हणून मी सुधारणेचं अंदाजपत्रक केलं: खोदकाम, नवा मुरूम, खडीकरण, डांबरीकरण, मोऱ्या. रक्कम आधीच्या प्रस्तावाच्या कितीतरी पट. ते मंजूर झालं. कारण आता ते पन्नास चोपन्नचं काम होतं, त्याला भूमिपूजन होतं, फलक होता. तीन वर्षांपूर्वी थोड्या पैशांत जो रस्ता वाचला असता तो मोडायची वाट बघावी लागली, आणि मोडल्यावर तो योजनेत बसला. नारळ फुटला त्या दिवशी मला आनंद झाला नाही. जागतिक बँकेने १९९४ च्या अहवालात आफ्रिकेतल्या रस्त्यांबद्दल म्हटलं होतं की दहा वर्षांत १२ अब्ज डॉलर देखभालीला लावले असते तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हाच चौदा किलोमीटरचा रस्ता आला.

एक साधं गणित तुम्ही तुमच्या तालुक्यासाठी करून बघा. समजा एका उपविभागाकडे ३०० किलोमीटर डांबरी रस्ते आहेत. आपल्याकडच्या रस्त्याला साधारण सहा वर्षांनी नवा थर लागतो असं धरलं, तर दरवर्षी ५० किलोमीटर व्हायला हवेत. पैसे आले २० किलोमीटरचे. म्हणजे एका रस्त्याचा नंबर पंधरा वर्षांनी येणार. सहाव्या वर्षी ज्याला औषध हवं त्याला पंधराव्या वर्षी मिळालं, तर तोवर काय होईल ते सांगायला नको. मधल्या नऊ वर्षांत आम्ही खड्डे भरत राहतो. खड्डे भरून रस्त्याचं आयुष्य वाढत नाही, वाहनं तेवढी जाती राहतात.

आता दायित्वाबद्दल. हा शब्द लोकांच्या कानावर फारसा पडत नाही, पण माझ्या अनुभवात निधीवाटपातली सगळ्यात जड धोंड हीच. समजा एक काम दहा कोटींचं मंजूर झालं. पहिल्या वर्षी त्याला नाममात्र तरतूद पडते, पन्नास लाख म्हणा. काम अर्थसंकल्पाच्या व्हाइट बुकात, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत आलं, आमदारांनी गावात सांगितलं, निविदा निघाली, कार्यारंभ आदेश झाला. उरलेले साडेनऊ कोटी हे पुढच्या वर्षांवरचं दायित्व. अशी चाळीस-बेचाळीस कामं झाली की एका विभागाला वर्षाला शंभर कोटी मिळतात आणि डोक्यावर चारशे कोटींची कामं असतात. मग एकही नवीन काम न घेता चार वर्षं फक्त जुनं फेडायचं. पण नवीन कामं थांबत नाहीत, कारण नवीन काम मंजूर करायला आज पैसे लागत नाहीत, लाक्षणिक तरतूद पुरते. पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे वर्षाच्या मध्ये मंजूर होणाऱ्या जादा खर्चात, आणखी कामं येतात. ठेकेदाराची देयकं तुंबतात, तो काम संथ करतो, खडी टाकून निघून जातो. तुमच्या रस्त्याच्या कडेला वर्षभर पडलेला खडीचा ढीग बघितला असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि तरतूद म्हणजे पैसा नव्हे, हेही लक्षात ठेवा. अर्थसंकल्पात आकडा आला ती तरतूद. तो पैसा प्रत्यक्ष बीम्स या सरकारच्या संगणकीय निधीवाटप प्रणालीवर विभागाला वितरित होतो तेव्हाच देयक निघतं. हे वितरण वर्षभर तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि मोठा तुकडा मार्चच्या शेवटी. मार्चअखेरच्या रात्री आमच्या कचेरीत दिवे बंद होत नसत. एकेका ठेकेदाराला किती टक्के द्यायचे हे ठरवताना मी स्वतः घाम पुसत बसलेलो आहे, कारण ज्याला कमी दिलं त्याचं काम पावसाळ्याआधी पुरं होणार नाही हे मला ठाऊक असायचं.

आता गरज कशी मोजतात तेही सांगतो, कारण कागदावर गरजेलाही जागा आहे. रस्त्यावरून किती आणि कसली वाहनं जातात याची वाहतूक गणना होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ती वर्षातून किमान दोनदा करावी, एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या भर हंगामात आणि एकदा मोकळ्या दिवसांत, सलग सात दिवस, चोवीस तास. मी नवा शाखा अभियंता होतो तेव्हा माझ्या हद्दीत साखर कारखान्याकडे जाणारा एक रस्ता होता. त्याची माझ्या हाती आलेली गणना मे महिन्यातली होती. आकडे इतके कमी की त्या रस्त्याला वरच्या यादीत जागाच नव्हती. पण तो रस्ता दरवर्षी फुटायचा.

जानेवारीत मी दोन मैलकामगारांना घेऊन फाट्यावर बसलो. शेकोटी पेटवली, तक्ता गुडघ्यावर घेतला. प्रत्येक वाहनाला एक रेघ, पाचवी आडवी. मे महिन्याच्या तक्त्यात रात्री बारानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रेघा होत्या. त्या रात्री पहाटे चारला मला दुसरं पान लावावं लागलं. ट्रॅक्टरमागे एकाला एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, उसाची मोळी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, मागे लाल दिवा नाही. ट्रॉली जवळून गेली की पायाखालची साइडपट्टी हलल्याचं कळायचं. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या एका मोठ्या रस्ता चाचणीतून निघालेला नियम आम्हाला शिकवतात: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पट होतं. म्हणजे हजार मोटारसायकली जे करत नाहीत ते भरलेली एक ट्रॉली करते. ती गणना पाठवल्यावर तो रस्ता पुढच्या वर्षी वरच्या यादीत आला. मोजमापच चुकीच्या महिन्यात झालं तर वाटणी कितीही प्रामाणिक असली तरी ती चुकीच्याच रस्त्याला जाते. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, जालना, जिथे जिथे ऊस आहे तिथल्या लोकांनी आपल्या रस्त्याची गणना कधी झाली हे जरूर विचारावं.

पुलांना पैसा वेगळ्या कारणाने मिळतो. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला आणि त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांची तपासणी झाली. दुर्घटना झाली की त्या प्रकारच्या कामाला दोन-तीन वर्षं हात मोकळा असतो. तसंच पूरहानीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे अतिवृष्टीने रस्ते आणि मोऱ्या उचलून नेल्या. असं झालं की तात्पुरत्या दुरुस्तीला आधी पैसे येतात आणि ते ठरलेल्या कामांच्या पुढे उभे राहतात. हे योग्यच आहे, गाव तुटलेलं ठेवता येत नाही. पण वाहून गेलेल्या मोरीच्या जागी तेवढ्याच व्यासाचा नळ पुन्हा टाकला तर पुढच्या पुरात तोही जाणार.

मराठवाड्याच्या वाट्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो याच्यात आहेच. १९५३ च्या नागपूर करारात तिन्ही विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असं ठरलं होतं. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला तेव्हा तत्त्व सोपं ठेवलं: राज्याची सरासरी घ्यायची आणि जिल्हा तिच्या खाली किती ते पाहायचं. रस्ते हे त्यातलं एक क्षेत्र होतं. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये तीन विकास मंडळं आली, राज्यपालांवर निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी आली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

या सगळ्याचा उपयोग झाला, मी तो पाहिला. पण मोजमाप लांबीच्या हिशेबात झालं की एक गोष्ट निसटते. रस्त्याची लांबी एकदा नोंदवहीत आली की ती तिथून कमी होत नाही, रस्ता जागेवर राहिला नाही तरी. आणि आपल्या कित्येक रस्त्यांचा जन्मच बहात्तरच्या दुष्काळातला. लोकांच्या हाताला काम हवं होतं म्हणून माती टाकली, बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली, रस्ता उभा राहिला. त्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, माझी आई त्या कामांवर होती. पण पाया घालण्याचं काम ते नव्हतं. पुढे त्याच मातीवर खडी, खडीवर डांबर चढलं. राज्याच्या सरासरीत तो किलोमीटर आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कठीण मुरुमावरचा किलोमीटर एकच. काळ्या मातीतल्या किलोमीटरला जाडी जास्त लागते, बाहेरून मुरूम आणावा लागतो, देखभाल लवकर लागते. म्हणून माझं ठाम मत आहे की मराठवाड्याने नव्या रस्त्यांच्या पॅकेजइतक्याच जोराने तीस चोपन्नमधला वाटा मागायला हवा, आणि तो लांबीवर नव्हे तर मातीच्या जातीवर आणि ट्रॉल्यांच्या संख्येवर.

दुसरीकडे लोक काय करतात हेही थोडं सांगतो. अमेरिकेत केंद्राचा इंधनकर १९९३ पासून पेट्रोलच्या गॅलनमागे १८.४ सेंट आहे आणि तो मुख्यतः रस्त्यांच्या राखीव निधीत जातो. तिथल्या राज्यांनीही याच भांडणावर उपाय शोधले. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ च्या कायद्याने पैसा आधीच तीन पातळ्यांवर तोडला: ४० टक्के राज्यव्यापी महत्त्वाच्या कामांना, ३० टक्के प्रादेशिक, ३० टक्के स्थानिक विभागांना. वरच्या पातळीवर कामांची निवड पूर्ण आकडेवारीवर. खाली यावं तसं स्थानिक लोकांच्या मताला वजन वाढत जातं आणि शेवटच्या पातळीवर ते निम्मं होतं. व्हर्जिनियाने २०१४ मध्ये कायदा करून कामांना गुण द्यायला सुरुवात केली. गर्दी, सुरक्षितता, रोजगारापर्यंत पोचण्याची सोय असे निकष, आणि मिळालेल्या गुणांना खर्चाने भागायचं. यादी सगळ्यांसमोर. पण मला त्यांच्या पुढच्या वर्षीच्या कायद्याचं अधिक अप्रूप वाटतं. गुणांच्या स्पर्धेत नवी कामं उतरण्याआधीच त्यांनी त्या निधीतले ४५ टक्के जुने रस्ते आणि पूल सुस्थितीत ठेवायला बाजूला काढले. उरलेल्यात निम्मा राज्यभराच्या मोठ्या कामांना आणि निम्मा जिल्ह्यांना. आधी घर शाकारायचं, मग नवी खोली काढायची, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही गुणांकन अगदी नाही असं नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हा निकष लोकसंख्येचा होता, सपाट प्रदेशात ५०० वस्तीच्या वर. तिसऱ्या टप्प्यात, २०१९ पासून, रस्ता बाजार, शाळा, दवाखाना यांपैकी कशाला जोडतो यावर गुण मिळतात. मला ही योजना त्यातल्या त्यात शिस्तीची वाटते. तिच्यात एक चांगली अट आहे: रस्ता झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची, तिचे पैसे राज्याने द्यायचे. पाच वर्षं संपली की रस्ता जिल्हा परिषदेकडे येतो आणि तिथून पुढे पुन्हा तीस चोपन्नची रांग. २०१५ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांचंही पुढे तेच होतं. तुमचा रस्ता आठ वर्षांचा आहे म्हणता, म्हणजे मला वाटतं तो याच खिंडीत अडकला आहे.

तर आता तुम्ही काय करायचं. रस्त्याच्या सुरुवातीला योजनेचा फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. त्यावर योजना, रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत असते. पहिल्या पाच वर्षांत देखभाल झाली का, तिची देयकं निघाली का, हे माहिती अधिकारात मागा. रस्ता ग्रामीण मार्ग असेल आणि त्याच्यावरून दोन-तीन गावांची वाहतूक असेल तर दर्जोन्नतीचा प्रस्ताव द्या. श्रेणी वाढली की दारं बदलतात. मात्र दर्जोन्नती झाली म्हणजे पैसे आले असं समजू नका, नवी रांग लागते. ती थोडी वेगाने सरकते, इतकंच.

वेळ सांभाळा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात तयार होतो. जिल्हा नियोजन समिती १९९८ च्या कायद्याने चालते, पालकमंत्री अध्यक्ष असतात, आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्न दोन्हीखाली तिच्यातून पैसा मिळतो. तुमचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झाला आणि महिनाभरात बांधकाम विभागात पोचला तर त्याला अर्थ आहे. मार्चमध्ये आणलेला ठराव पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो. पुरवणी मागण्या साधारण जुलै आणि डिसेंबरच्या अधिवेशनात येतात. आमदारांना भेटायचं तर त्याआधी भेटा, आणि ‘रस्ता करून द्या’ असं मोघम सांगू नका. रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक (काम कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत), लेखाशीर्ष आणि अंदाजपत्रकाची रक्कम लिहिलेला एक पानी कागद द्या. तो कागद बघून स्वीय सहायकसुद्धा सरळ बसतो. आणि काम व्हाइट बुकात आलं असं कुणी सांगितलं तर दोन गोष्टी विचारा: पहिल्या वर्षाची तरतूद किती, आणि या विभागाचं एकूण दायित्व किती. तरतूद नाममात्र आणि दायित्व डोंगराएवढं असेल तर पेढे वाटायची घाई करू नका.

सहा किलोमीटरची मागणी एकदम केलीत तर अंदाजपत्रक फुगतं आणि ते मोठ्या कामांच्या रांगेत जाऊन बसतं. सहापैकी किती किलोमीटर खरोखर पायापासून गेला आहे आणि किती अजून एका थराने वाचण्यासारखा आहे, हे शाखा अभियंत्याला सोबत घेऊन वेगळं करून घ्या. वाचण्यासारख्या भागासाठी तीस चोपन्न मागा, गेलेल्या भागासाठी पन्नास चोपन्न. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या रांगा.

आणि पहिला मोठा पाऊस पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघी-चौघी सदस्य तो रस्ता पायी चालून या. जिथे पाणी उभं असेल, जिथे शेताचा बांध गटारावर आलेला असेल, जिथे मोरीचं तोंड गाळाने बुजलेलं असेल, तिथला किलोमीटरचा दगड आणि पाणी एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. गटार मोकळं करायला कुठल्याही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. तुम्ही आणि शेजारचे शेतकरी बसून ते आठवड्यात करू शकता. त्या गटाराने वाट दिली तर तुमचा कागद रांगेत असेपर्यंत निदान चांगला राहिलेला भाग तरी जागेवर राहील.